गृहशुश्रूषा-सेवकांची कार्यप्रेरणा

गृहशुश्रूषा-सेवकांची कार्यप्रेरणा : आजारी, वृद्ध, अपंग किंवा नवप्रसूत व्यक्तींची त्यांच्या राहत्या घरी जाऊन मोबदल्यावर देखभाल करणाऱ्या सेवकांना हे काम स्वीकारण्यास, त्यात टिकून राहण्यास व ते मनापासून पार पाडण्यास प्रवृत्त करणाऱ्या मानसिक, आर्थिक आणि सामाजिक घटकांचा समुच्चय. कार्यप्रेरणेचा अभ्यास प्रथम कारखाने व कार्यालये यांच्या संदर्भात झाला. घर हे कामाचे ठिकाण असेल आणि कामाचा विषय एखादी परावलंबी व्यक्ती असेल, तर त्या अभ्यासातील निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. म्हणून या विषयाचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

गृहशुश्रूषा-सेवकांत स्थूलमानाने तीन वर्ग आढळतात : (१) नोंदणीकृत परिचारिका. यांचे शिक्षण व नोंदणी भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७ व महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ यांनुसार होते [⟶ परिचर्या]. (२) अल्प प्रशिक्षित किंवा अप्रशिक्षित सेवक. शहरांतून ‘ब्यूरो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थांमार्फत किंवा ओळखीतून यांची नेमणूक होते. घरात त्यांना ‘मावशी’, ‘ताई’, ‘आया’, पुरुष असल्यास ‘मामा’ किंवा ‘दादा’ असे संबोधतात. संख्येने हाच वर्ग मोठा असून त्यात स्त्रिया बहुसंख्य आहेत. (३) गृहभेटी देणाऱ्या सामुदायिक आरोग्यसेविका. या एका रुग्णाशी बांधलेल्या नसून गावाशी किंवा वस्तीशी बांधलेल्या असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाचा विचार केला आहे.

कामाचे स्वरूप : रुग्णाला उठविणे-बसविणे, अंग पुसणे, कपडे व अंथरूण बदलणे, बेडपॅन देणे, भरविणे किंवा नळीवाटे अन्न देणे, वेळेवर औषधे देणे, शय्याव्रण होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलणे, चालावयास मदत करणे आणि रात्री जागरण करणे ही या कामाची नेहमीची अंगे होत. काम बहुधा बारा तासांच्या पाळीने किंवा चोवीस तास त्याच घरी राहून केले जाते. यांखेरीज यादीत न लिहिली जाणारी अनेक कामे असतात : विस्मृती झालेल्या वृद्धाच्या त्याच त्या प्रश्नांना दर वेळी शांतपणे उत्तर देणे, चिडलेल्या रुग्णाचा राग सोसणे, धीर देणे, गप्पा मारणे, मरणासन्न व्यक्तीचा हात धरून बसणे इत्यादी. या न मोजल्या जाणाऱ्या कामावरच शुश्रूषेचा दर्जा अवलंबून असतो. त्यावर पर्यवेक्षकाची नजर नसते आणि रुग्णाला त्याविषयी तक्रार करता येईलच असे नसते. साहजिकच, सेवकाची आंतरिक प्रेरणा हीच बऱ्याच प्रमाणात रुग्णाची सुरक्षितता ठरते. हा प्रश्न सेवकांच्या समाधानापुरता मर्यादित नाही, तो याच कारणाने.

या कामाची तीन वैशिष्ट्ये प्रेरणेच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, एकाकीपणा : रुग्णालयातील परिचारिकेला सहकारी असतात, घरी काम करणाऱ्या सेविकेला सल्ल्यासाठी, मदतीसाठी किंवा मन मोकळे करण्यासाठी कोणी नसते. दुसरे, दुहेरी मालकी : सूचना रुग्ण देतो, त्याची मुले देतात, सून देते आणि ब्यूरोही देतो, या सूचना परस्परविरोधी असू शकतात. तिसरे, अनिश्चित शेवट : रुग्ण बरा झाला किंवा दगावला की काम संपते. ज्या व्यक्तीची महिनोन्‌महिने सेवा केली तिचा मृत्यू आणि स्वतःची बेरोजगारी एकाच दिवशी वाट्याला येण्याचा प्रसंग अन्य व्यवसायांत क्वचितच येतो.

सैद्धांतिक पार्श्वभूमी : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एब्राहम मॅस्लो (१९०८–७०) यांनी १९४३ मध्ये मानवी गरजांची श्रेणी मांडली. शारीरिक गरजा, सुरक्षितता, आपलेपणा, मानसन्मान व आत्माविष्कार अशा क्रमाने गरजा जागृत होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. गृहशुश्रूषेच्या क्षेत्रात हा क्रम काटेकोरपणे आढळत नाही. पोटापुरते वेतनही न मिळणारी सेविका रुग्णाशी असलेल्या आपलेपणामुळे काम सोडत नाही आणि बऱ्या वेतनावरील सेविका अपमानामुळे काम सोडते, अशी दोन्ही प्रकारची उदाहरणे नित्य दिसतात.

फ्रेडरिक हर्झबर्ग (१९२३–२०००) व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये द्विघटक सिद्धांत मांडला. वेतन, कामाची परिस्थिती, पर्यवेक्षण इ. घटक नसल्यास असमाधान निर्माण होते. परंतु समाधान व प्रेरणा यांचा उगम कामगिरी, मान्यता, जबाबदारी व प्रत्यक्ष काम यांत असतो, असा त्याचा आशय आहे. हे विवेचन गृहशुश्रूषेला पुष्कळ अंशी लागू पडते. मात्र त्यातून वेतन गौण आहे असा जो सोयीस्कर अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. हर्झबर्ग यांनी पाहिलेले लोक स्थिर नोकरीतील व सुशिक्षित होते. ज्यांची मिळकत रोजच्या पाळीवर अवलंबून आहे त्यांच्या बाबतीत वेतन हे सुरक्षिततेचे आणि समाजाने दिलेल्या किमतीचेही चिन्ह असते.

जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांचा समन्याय सिद्धांत (१९६३) या ठिकाणी उपयुक्त ठरतो. आपण दिलेले श्रम व मिळालेला मोबदला यांचे प्रमाण माणूस इतरांच्या प्रमाणाशी ताडून पाहतो आणि तफावत जाणवल्यास श्रम कमी करतो किंवा काम सोडतो. कुटुंब ब्यूरोला किती रक्कम देते व त्यांपैकी आपल्या हाती किती पडते, याची सेविकेला जी जाणीव असते तिचा परिणाम या सिद्धांताने नीट उलगडतो. रिचर्ड हॅकमन व ग्रेग ओल्डम यांनी १९७० नंतरच्या दशकात कामाच्या पाच प्रेरक वैशिष्ट्यांचा निर्देश केला : कौशल्यांची विविधता, कामाची पूर्णता, त्याचे महत्त्व, स्वायत्तता आणि परिणामाची प्रत्यक्ष प्रतीती. यांपैकी महत्त्व व प्रतीती ही दोन गृहशुश्रूषेत विपुल असतात. पंधरा दिवसांपूर्वी न उठणारा रुग्ण आधाराने दारापर्यंत चालत जातो, हे दृश्य सेविकेला तिच्या श्रमाचे फळ डोळ्यांपुढे दाखवते. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी १९८५ मध्ये विस्ताराने मांडलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धांतात स्वायत्तता, क्षमतेची जाणीव आणि परस्परसंबंध या तीन मूलभूत मानसिक गरजा मानल्या आहेत. गृहशुश्रूषेत संबंधांची गरज बहुधा भागते. क्षमतेची जाणीव प्रशिक्षणाअभावी अपुरी राहते आणि स्वायत्तता सर्वांत कमी लाभते.

समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या अभ्यासावरून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. मनात एक भावना असताना चेहऱ्यावर दुसरी ठेवणे हेही श्रमच असून त्यांची झीज होते, हा विचार शुश्रूषेच्या अभ्यासात मूलभूत ठरला आहे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : पारंपरिक समाजात घरच्या आजाऱ्याची सेवा हे कुटुंबातील स्त्रियांचे कर्तव्य मानले जाई. ते विनामोबदला व गृहीत धरलेले असे. मोबदला घेऊन परक्याच्या घरी मलमूत्र काढणे हीन समजले जाई व अशा कामावर जातीची छाया असे. सुईण ही घरी येऊन सेवा देणारी परिचित व्यक्ती होती. परंतु तिच्या ज्ञानाची गरज आणि तिचे सामाजिक स्थान यांत मोठी विसंगती होती.

या परिस्थितीत पहिला बदल मिशन रुग्णालयांनी व सुधारकांच्या संस्थांनी घडविला. विल्यम वॉनलेस यांनी मिरज येथे १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयामुळे सातारा-सांगली परिसरात वैद्यकाबरोबर परिचर्येच्या शिक्षणाचीही परंपरा रुजली. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदन संस्थेने स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. घराबाहेर पडून अनोळखी रुग्णाची सेवा करण्यास त्या वेळी कुटुंबाचा व समाजाचा तीव्र विरोध होता. या स्त्रियांपुढे ‘सेवा’ हा आदर्श ठेवण्यात आला व त्या शब्दाने कामाभोवतीची हीनता काही प्रमाणात दूर केली. स्वतःच्या मिळकतीवर उभे राहण्याची आकांक्षा आणि सेवेचे पावित्र्य या दोन प्रेरणा येथे एकत्र आल्या. परंतु सेवेच्या याच आदर्शाचा पुढे दुसराही उपयोग झाला : ‘सेवा’ म्हटल्यावर वेतन, सुट्टी किंवा कामाचे तास यांविषयी बोलणे अप्रशस्त ठरू लागले.

जामखेड व गडचिरोली येथील प्रयोग : गृहभेटी देणाऱ्या आरोग्यसेविकांच्या कार्यप्रेरणेसंबंधी महाराष्ट्रातील दोन प्रयोग जगभर अभ्यासिले गेले आहेत. डॉ. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व डॉ. मेबल आरोळे (१९३५–९९) यांनी १९७० मध्ये त्या वेळच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रथम गावांत प्रशिक्षित परिचारिका पाठविण्याचा प्रयत्न झाला. परंतु बाहेरून आलेल्या तरुण परिचारिका खेड्यात टिकू शकल्या नाहीत. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्थानिक, बहुधा प्रौढ स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून शिकविण्यात आले. त्यांपैकी अनेक निरक्षर आणि दलित वा अन्य उपेक्षित समाजांतील होत्या. नियमित वेतन नाममात्र वा नसतानाही यांतील कित्येक स्त्रिया दीर्घकाळ हे काम करीत राहिल्या. याचे रहस्य ठरावीक काळाने जामखेडला एकत्र येऊन शिकणे, एकमेकींचे अनुभव ऐकणे, ज्या घराची पायरी चढण्यास पूर्वी मनाई होती त्या घरात बाळंतिणीसाठी मानाने बोलावणे येणे आणि छोट्या उद्योगासाठी कर्जाच्या रूपाने स्वतंत्र मिळकतीचा आधार लाभणे यांत होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रामोन मागसायसाय पुरस्कार मिळाला. वेतनाऐवजी केवळ सन्मान पुरेसा होतो, असा निष्कर्ष या प्रयोगातून काढणे मात्र योग्य नाही. तेथे ज्ञान, सोबत आणि उपजीविका यांची जोड सन्मानाला होती.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत १९९५ पासून घरीच नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत राबविली. गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना बाळाचे वजन घेणे, ऊब देणे, श्वास गुदमरल्यास उपचार करणे व जंतुदोष ओळखून प्रतिजैविकांचे इंजेक्शन देणे शिकविण्यात आले. कार्यक्षेत्रातील नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे सु. ६२ वरून सु. २५ पर्यंत खाली आल्याचे १९९९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने जगापुढे आले. प्रेरणेच्या दृष्टीने येथे तीन गोष्टी लक्षणीय आहेत : कौशल्य खरे व अवघड होते, त्याचे फळ, म्हणजे वाचलेले मूल, गावात सर्वांना दिसत होते, आणि पर्यवेक्षक नियमितपणे गावात येऊन नोंदी पाहत व चुका सुधारत. पर्यवेक्षण हे येथे पहारा नसून शिक्षणाचे साधन होते.

आशा स्वयंसेविका : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००५ पासून देशात आशा स्वयंसेविकांची योजना सुरू झाली. सर्वसाधारणपणे एक हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमली जाते. नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम २०११ मध्ये या योजनेत समाविष्ट झाला; संस्थेत प्रसूती झाल्यास सहा व घरी झाल्यास सात भेटी ४२ दिवसांच्या आत द्यावयाच्या असून त्या पूर्ण झाल्यावर २५० रु. मोबदला ठेवण्यात आला. आशा ही कर्मचारी नसून स्वयंसेविका आहे आणि तिला कामागणिक मोबदला द्यावयाचा, हे या योजनेचे मूळ गृहीतक होय.

या गृहीतकातील ताण पुढे उघड झाला. कामागणिक मोबदल्यामुळे मोजता येणाऱ्या कामाकडे लक्ष वळते व न मोजता येणारे मागे पडते. मोबदला उशिरा मिळाल्यास त्याचे प्रेरकमूल्य नाहीसे होते. आणि कामांची यादी वाढत गेल्यावर ‘स्वयंसेवा’ हा शब्द वस्तुस्थितीशी विसंगत ठरतो. कोव्हिड-१९ च्या साथीत आशांनी घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये त्यांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. परंतु महाराष्ट्रातील आशांना मोबदल्याच्या प्रश्नावर जून २०२१ मध्ये, २०२३ च्या अखेरीस व पुन्हा २०२४ च्या आरंभी संप करावा लागला. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या मासिक मोबदल्यात ५,००० रु. वाढ केली. गौरव आणि संप यांचे हे सान्निध्य बोलके आहे. मान मिळाल्याने वेतनाची मागणी शमत नाही; उलट, आपल्या कामाचे मोल जाणवल्यावर ती अधिक स्पष्टपणे पुढे येते.

प्रेरणेचे घटक : गृहशुश्रूषेतील प्रेरणेचा विचार करताना तीन प्रश्न वेगळे करणे आवश्यक आहे : माणूस या कामात का येतो, का टिकतो आणि चांगले काम का करतो. या तिन्हींची उत्तरे एक नसतात.

कामात येण्यामागे बहुधा गरज असते. वैधव्य, परित्याग, पतीची बेकारी किंवा व्यसन, शेतीतील नापिकी, मुलांचे शिक्षण, घरावरील कर्ज ही नेहमीची कारणे होत. शिक्षणाची अट नसणे, रोख मिळकत व राहण्या-जेवणाची सोय यांमुळे खेड्यातून शहरात आलेल्या स्त्रीला हे काम तुलनेने सुलभ वाटते. स्वतःच्या सासूची वा आईची सेवा केल्याचा अनुभव हे तिचे पहिले प्रशिक्षण असते.

टिकून राहण्यामागे वेतनाची नियमितता, पाळ्यांची निश्चिती, घरातील माणसांची वागणूक आणि रुग्णाशी जुळलेले नाते हे घटक प्रभावी ठरतात. यांतील वागणुकीचे महत्त्व बाहेरच्यास सहसा जाणवत नाही. वेगळा कप, वेगळी ताटली, झोपण्यास स्वयंपाकघराचा कोपरा, शौचालय वापरण्यास मनाई, घरात वस्तू न सापडल्यास प्रथम संशय या गोष्टी लहान दिसतात. परंतु त्या सेविकेला तिचे स्थान रोज नव्याने सांगत असतात. उलट, जेवणाची वेळ पाळणे, नावाने हाक मारणे, रुग्णाविषयीच्या निर्णयात तिचे निरीक्षण विचारणे आणि डॉक्टरांनी तिच्याशी थेट बोलणे यांमुळे आपण केवळ हात नसून जाणती व्यक्ती आहोत, ही भावना दृढ होते.

चांगले काम करण्यामागे कौशल्याचा अभिमान, कामाच्या महत्त्वाची जाणीव, धार्मिक वा नैतिक श्रद्धा आणि रुग्णाविषयीची करुणा ही कारणे असतात. आजाऱ्याची सेवा पुण्यप्रद आहे, ही श्रद्धा महाराष्ट्रात सर्व धर्मांच्या सेविकांत आढळते. शय्याव्रण होऊ न देता वर्षभर रुग्ण सांभाळल्याचा सेविकेला वाटणारा अभिमान हा एखाद्या कुशल कारागिराच्या अभिमानासारखाच असतो.

प्रेरणा खचविणारे घटक : अनिश्चित काम, जागरण, वजनदार रुग्ण उचलल्याने होणारी पाठदुखी, संसर्गाचा धोका, सुट्टीचा अभाव व आजारपणात बुडणारा रोज हे प्रत्यक्ष घटक होत. शुश्रूषेसाठी नेमलेल्या सेविकेकडून हळूहळू स्वयंपाक, भांडी व घरच्या इतर कामांची अपेक्षा केली जाते. कामाची ही सरकती सीमा वादाचे मोठे कारण ठरते. विस्मृतीच्या रुग्णांकडून शिवीगाळ किंवा मारहाण सोसावी लागते. लैंगिक छळाचा धोका घराच्या चार भिंतींत अधिक असतो. दुसऱ्याच्या आईची काळजी घेण्यासाठी स्वतःची मुले वा वृद्ध आई गावी ठेवून यावे लागणे, हा या कामातील सर्वांत खोल अंतर्विरोध होय. रुग्णाच्या मृत्यूनंतर सेविकेच्या दुःखाला समाजात जागा नसते. ती नातेवाईक नसते आणि सर्वस्वी परकीही नसते.

आपुलकी आणि वेतन : चांगले वेतन दिल्यास केवळ पैशासाठी येणारी माणसे वाढतील व खरी सेवावृत्ती लोपेल, असा एक युक्तिवाद केला जातो. रिचर्ड टिटमस (१९०७–७३) यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या संदर्भात पैशामुळे दानवृत्ती दुबळी होते असे प्रतिपादन केले होते. त्याचा आधार पुष्कळदा येथे घेतला जातो. परंतु दोन्हींची तुलना अपुरी आहे. रक्तदाता काही मिनिटांचे दान करून आपल्या व्यवसायाकडे परततो. शुश्रूषा हा सेविकेचा व्यवसायच असतो. अर्थशास्त्रज्ञ नॅन्सी फोल्ब्रे यांनी दाखविल्याप्रमाणे रुग्णाविषयीचा जिव्हाळा सेविकेला एक प्रकारे ओलीस ठेवतो : ती संप करू शकत नाही, कारण त्याचा पहिला आघात तिला प्रिय झालेल्या रुग्णावर होतो. अशा रीतीने जी प्रेरणा कामाचा दर्जा उंचावते, तीच सेविकेची सौदाशक्ती कमी करते. वेतन कमी राहण्याचे कारण कामाचे मूल्य कमी असणे हे नसून, ते काम दीर्घकाळ घरातील स्त्रियांनी विनामूल्य केले, हेही आहे. योग्य वेतन आपुलकीची जागा घेत नाही. ते आपुलकीला टिकून राहण्यास अवकाश देते. चिंताग्रस्त व अपुऱ्या झोपेच्या सेविकेपाशी संयमाचा साठा फार काळ उरत नाही.

इतर देशांतील अनुभव : जर्मनीने १९९५ मध्ये व जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू करून तिच्या खर्चाचा भार कुटुंबाबरोबर समाजावरही टाकला. अमेरिकेत १९७४ मध्ये किमान वेतनाचा कायदा घरकामगारांना लागू करताना वृद्धांना ‘सोबत’ करणाऱ्या सेवकांना त्यातून वगळले गेले. एव्हलिन कोक या गृहसेविकेने जादा कामाच्या वेतनासाठी दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयात २००७ मध्ये अयशस्वी ठरला. पुढे २०१३ मध्ये नियम बदलून संस्थांमार्फत काम करणाऱ्या सेवकांना संरक्षण देण्यात आले, परंतु २०२५ मध्ये हा बदल मागे घेण्याचा प्रस्ताव शासनाने मांडला. लॉस अँजेल्स परगण्यातील सु. ७४,००० गृहसेवकांनी १९९९ मध्ये कामगार संघटनेच्या बाजूने दिलेला कौल हा विखुरलेल्या कामगारांच्या संघटनाचा मोठा टप्पा मानला जातो. नेदर्लंड्समध्ये योस द ब्लोक यांनी स्थापन केलेल्या ब्यूर्टझोर्ख या संस्थेत सु. बारा परिचारिकांचे लहान गट रुग्णांचे वेळापत्रक व कामाची वाटणी स्वतःच ठरवितात. स्वायत्ततेमुळे कामाचे समाधान वाढते, याचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख केला जातो. भारतात कोझिकोडे (कालिकत) येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या चळवळीने प्रशिक्षित स्वयंसेवक व परिचारिका यांच्या गृहभेटींचे जाळे उभारले; केरळ शासनाने २००८ मध्ये त्यासंबंधी धोरण स्वीकारले.

कायदा व संघटन : पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये केलेला संप आणि त्यातून उभी राहिलेली पुणे शहर मोलकरीण संघटना हा महाराष्ट्रातील घरकामगार चळवळीचा महत्त्वाचा टप्पा होय. घरात काम करणाऱ्या स्त्रियांनाही वेतनवाढ, सुट्टी व बोनस मागता येतो, ही जाणीव त्यामुळे रुजली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ मध्ये संमत झाला. नोंदणीकृत घरेलू कामगारांसाठी काही कल्याणकारी योजना त्याखाली आखल्या गेल्या. ५५ वर्षे पूर्ण केलेल्यांना १०,००० रु. सन्मानधन ही त्यांपैकी एक होय. कोव्हिड-१९ च्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रु. साहाय्य जाहीर झाले. ज्यांची नोंदणी नव्हती त्या त्यापासून वंचित राहिल्या. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियमात राहते घर हेही कामाचे ठिकाण मानले असून घरकामगार स्त्रीला स्थानिक समितीकडे दाद मागता येते. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसंबंधीचा करार क्र. १८९ संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. या सर्व तरतुदींत शुश्रूषा करणारी सेविका ही घरकामगार की आरोग्यसेवक, हा प्रश्न संदिग्ध राहतो. घरकामगार म्हणावे तर तिच्या कौशल्याची नोंद होत नाही. आरोग्यसेवक म्हणावे तर तिच्यापाशी नोंदणी नसते.

प्रशिक्षण व उपाययोजना : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायक प्रमाणपत्र शिक्षणक्रम आणि राष्ट्रीय कौशल्य विकास योजनांतील गृह आरोग्य सहायक हा शिक्षणक्रम यांमुळे या कामास व्यवसायाचे रूप येऊ लागले आहे. प्रशिक्षणाचा लाभ दुहेरी असतो : रुग्ण सुरक्षित राहतो आणि सेविकेची क्षमतेची जाणीव वाढते. तथापि प्रमाणपत्रामुळे वेतनात व दर्जात फरक पडला नाही, तर प्रशिक्षणाची ओढ टिकत नाही.

वरील विवेचनावरून पुढील उपाय सुचतात : कामाचे तास, स्वरूप, वेतन व साप्ताहिक सुट्टी यांचा लेखी करार, मधल्या संस्थेने घेतलेल्या रकमेची पारदर्शकता, रुग्ण उचलणे, संसर्गप्रतिबंध व विस्मृतीच्या रुग्णाशी वागणे यांचे प्रशिक्षण, सेविकांच्या नियमित गटसभा, अडचणीच्या वेळी सल्ला देणारी अनुभवी परिचारिका, एक काम संपून दुसरे मिळेपर्यंत काही काळाचे अर्थसाहाय्य, आणि अनुभवानुसार वरच्या पदावर जाण्याची संधी. यांपैकी कित्येक गोष्टींना फारसा खर्च येत नाही. कुटुंबांनाही काही शिकविण्याची गरज आहे. पगारी शुश्रूषा ठेवणे म्हणजे कर्तव्यच्युती, अशी अपराधी भावना मनात असलेले नातेवाईक सेविकेच्या कामात सतत दोष पाहतात. तर काही जण सेविका नेमली की रुग्णाकडे फिरकत नाहीत. दोन्हींचा भार अखेर तिच्यावरच पडतो.

महाराष्ट्रात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार ९·९ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीहून अधिक होते व ते वाढते आहे. लहान कुटुंबे, स्त्रियांच्या नोकऱ्या आणि मुलांचे स्थलांतर यांमुळे वाईसारख्या लहान गावांतूनही एकाकी वृद्धांची घरे दिसतात. राज्यातील प्रशिक्षित मनुष्यबळ परदेशी पाठविण्याच्या हालचालीही सुरू आहेत. जर्मनीतील बाडेन-व्ह्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेल्या करारात आरोग्यसेवेतील मनुष्यबळाचा समावेश आहे. अशा स्थितीत गृहशुश्रूषेचे काम पुढील काळात कोण करील, हा प्रश्न या सेवकांच्या प्रेरणेशी निगडित आहे. आजवर त्याचे उत्तर त्यांच्या गरजेवर व चांगुलपणावर सोपविले गेले. गरज संपताच काम सोडले जाते आणि चांगुलपणाला थकवा असतो. म्हणून या दोहोंना योग्य वेतन, कौशल्य आणि प्रतिष्ठा यांचा आधार देणे, हेच दीर्घकाळ टिकणाऱ्या कार्यप्रेरणेचे साधन होय.